दुसरं पाडस

बॉन, १० ऑक्टोबर २००४

ती. नानांना,
कृ. सा. न. आईलाही नमस्कार.

तुमचं गणपतीतलं पत्र मिळालं. मी बरी आहे, दोन वेळा जेवते, सर्दी गेली. मागच्या आठवड्यात मात्र दोन दिवस जीव टांगणीला लागला होता. इथं मोठं वादळ झालं, आयफेलच्या डोंगरात झाडं पडली, आणि माझी कुंपणं उभी आहेत की नाहीत हे सांगणारं कोणी नव्हतं. शनिवारी पहिल्या बसनं गेले. बाराच्या बारा जागच्या जागी होती. तिथंच चिखलात बसले आणि डब्यातला पराठा खाल्ला.

कुंपणात नेमकं काय कोंडलं आहेस, असं तुम्ही विचारलं होतं. काहीच नाही. मी हरणांना बाहेर ठेवलं आहे. प्रत्येक कुंपणाशेजारी तेवढाच उघडा तुकडा आहे आणि दोन्हीकडची रोपं मी मोजते. आत ओक आणि फर गुडघ्याएवढे झालेत. बाहेर शेंडा शाबूत असलेलं एकही रोप नाही. इथलं रेह नावाचं हरीण आपल्या भेकराएवढं असतं, दिसायला गरीब, पण कोवळा शेंडा तेवढा वेचून खातं. अशानं साठ वर्षांनी त्या डोंगरावर म्हातारी झाडंच उरतील, असं माझे प्रोफेसर म्हणतात.

हे जंगल ज्या गावाचं, तिथं शिकारीचा हक्क लोरशाइड नावाच्या आजोबांकडे आहे. वय शहात्तर. जमीनवाल्यांचा संघ शिकारीचा हक्क नऊ-नऊ वर्षांच्या करारानं देतो, आणि दरसाल किती नर, किती माद्या, किती पिल्लं मारायची याचा तक्ता जिल्ह्याचं कार्यालय मंजूर करतं. तुम्ही वनखात्यात एक हरीण मेलं की पंचनामा करायचात, इथं हरीण मारायचं राहिलं की विचारणा करणारं पत्र येतं. यंदा तक्त्यात बेचाळीस आहेत, मारली गेली सतरा. आजोबा तरुण होते तेव्हा गावात अकरा शिकारी होते. आता तीन उरले, त्यातला सगळ्यांत तरुण त्रेसष्ट वर्षांचा आणि त्याचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं. पोरं नोकरीला कोलोन-फ्रँकफर्टला गेली. आजोबांचा करार २००६च्या मार्चमध्ये संपतो. पुढे कोण, हे कोणालाच ठाऊक नाही.

मी हल्ली शनिवारी एका वर्गाला जाते. जंगलातली जर्मन भाषा त्यानं पक्की होते.

गुडघ्याला तेल लावून घेत जा. माया आहे तशी असू द्या, मी लांब आहे म्हणून पातळ करू नका.

आपली,
देवश्री

*

परतवाडा, २ नोव्हेंबर २००४

चि. देवश्रीस,
वासुदेवाचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र मी एकदा मनात आणि एकदा मोठ्यानं वाचलं. मोठ्यानं वाचलं ते स्टँडजवळच्या बाकावर, आमच्या पेन्शनर मंडळींत. कार्यालय हरीण न मारल्याचा जाब विचारतं हे कोणालाच खरं वाटेना. दोघांनी मला शपथ घालून विचारलं. माझी मुलगी सरकारी आकड्यांत खोटं लिहिणार नाही, असं मी त्यांना सांगितलं.

मी छत्तीस वर्षं खात्यात काढली. वनरक्षकापासून वनक्षेत्रपालापर्यंत चढलो आणि त्यात एकशे चौदा बंदुका जप्त केल्या. बहुतेक ठासणीच्या, दोन चांगल्या विलायती. त्यामुळे शिकारी कमी पडतात हे वाक्य माझ्या घशाखाली उतरायला वेळ लागेल. पण तुझ्या रोपांचं म्हणणं मला कळतं. मेळघाटात वाघ आहे, बिबट्या आहे, रानकुत्री आहेत. ती आपापला तक्ता विनापत्राचा पुरा करतात. तुमच्याकडे ते काम करणारं जनावर उरलं नाही, म्हणून माणूस बसवलाय. ठीक आहे. मी समजून घेतो, पण त्या माणसाशी मैत्री माझ्याच्यानं होणार नाही.

कारण तुला माहीत आहे. माझा वनरक्षक मोती कासदेकर तुला आठवत असेल, तू पाच वर्षांची होतीस. तो तुला खांद्यावर घेऊन मोह वेचायला न्यायचा. शहाऐंशीच्या जानेवारीत जीपमधून आलेल्या शिकाऱ्यांनी त्याला पाणवठ्यावर गोळी घातली. एका सांबरासाठी. त्या दिवसापासून बंदूक दिसली की माझ्या तोंडाला कडू पाणी येतं, आणि ते निवृत्तीनंतरही थांबलेलं नाही.

आजोबांना माझा नमस्कार सांग. शहात्तराव्या वर्षी डोंगर चढणाऱ्या माणसाला नमस्कार करायला हरकत नाही, त्याचा धंदा कोणताही असो.

दिवाळीचा डबा तुझ्या आईनं पोस्टात दिला. चकल्यांचा चुरा झाला तर तो पोस्टाचा दोष, तिचा नव्हे, असं तिनं लिहायला सांगितलं आहे. शनिवारच्या वर्गात काय शिकवतात ते कळव. तुझ्या पुढच्या पत्राची वाट पाहण्याचंच काम सध्या माझ्याकडे आहे.

तुझा,
नाना

*

बॉन, १६ जानेवारी २००५

ती. नाना,
सा. न. वि. वि.

या पत्राचे तीन मसुदे फाडले. शेवटी ठरवलं की पहिल्याच ओळीत सांगावं. शनिवारचा वर्ग भाषेचा नाही. तो शिकारीच्या परवान्याच्या परीक्षेचा आहे आणि मी सप्टेंबरपासून तिथं जाते आहे. तुम्हाला खोटं लिहिलं. त्याची लाज वाटते म्हणून आता खरं लिहिते.

वर्ग सात महिन्यांचा आहे. कायदा, प्राण्यांचे रोग, झाडं, कुत्री, बंदूक सांभाळायचे नियम, सगळ्याची परीक्षा होते आणि दरवर्षी पाचातला एक तरी नापास होतो. पूर्वी दोन तुकड्या भरायच्या, आता आम्ही एकोणीस जण आहोत. पोटाशी पिल्लू असलेली मादी मारणं हा इथं गुन्हा आहे. आणि जखमी जनावर सोडून जायचं नाही, सापडेपर्यंत शोधायचं, हे तर पहिल्याच तासाला फळ्यावर लिहून दिलं होतं.

का, हे तुम्ही विचाराल. लोरशाइड आजोबांचे हात आता कापतात. आपल्याला मचाणावर बसवतं पण नेम धरवत नाही, हे त्यांनीच मला सांगितलं, आणि ते सांगताना ते दुसरीकडे बघत होते. पण त्यांच्यासाठी म्हणून मी गेले असं लिहिलं तर ते अर्धंच खरं होईल. मी प्रबंधात लिहिणार आहे की या डोंगरावर हरणं कमी व्हायला हवीत. ती आपोआप कमी होणार नाहीत. दुसऱ्यांनी मारलेल्या हरणांचे आकडे मांडून मी डॉक्टर व्हायचं आणि माझे हात स्वच्छ म्हणून मिरवायचं, हे मला पटेना. जे मी लिहिते ते करताना कसं वाटतं, हे मला ठाऊक असायला हवं.

मोतीकाकांना मी विसरले, असं मात्र समजू नका. त्यांच्या खांद्यावरून दिसणारी मोहाची फांदी मला आजही डोळ्यांपुढे आणता येते. वर्गात पहिल्यांदा बंदूक हातात दिली तेव्हा मी ती खाली ठेवून बाहेर गेले होते. दुसऱ्या शनिवारी परत गेले.

परीक्षा मे महिन्यात आहे. तुम्ही नको म्हणालात तर काय करीन ते मला माहीत नाही, म्हणून परवानगी मागत नाही. फक्त सांगते आहे. रागावलात तर रागावून लिहा, पण लिहा.

तुमचीच,
देवश्री

*

परतवाडा, २० मार्च २००५

चि. देवश्री,
तुझ्या आईचा, प्रभाचा, आशीर्वाद.

हे पत्र मी नानांच्या समोर बसून लिहिते आहे. ते पेपर वाचल्याचं सोंग करताहेत. पान उलटलेलं नाही त्याला पंधरा मिनिटं झाली.

तुझं पत्र जानेवारीच्या शेवटी आलं. त्यांनी वाचलं, होती त्याच घडीवर परत घडी घातली आणि खाकी कपड्यांच्या कपाटात ठेवून दिलं. तेव्हापासून त्यावर एक शब्द नाही. स्टँडवरच्या बाकावर जाणंही बंद झालं. माझी मुलगी झाडं मोजते असं तिथं सांगून झालंय, आता विचारलं तर काय सांगायचं, असं त्यांना वाटत असणार. मी आपली ओळखते. डोळ्याचं ऑपरेशन फेब्रुवारीत ठरलं होतं, तेही पुढे ढकललं. डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू पिकला आहे, आता थांबू नका. हे म्हणाले, बघण्यासारखं काही नाही.

मी तीस वर्षं पहिली-दुसरीच्या पोरांना शिकवलं. पोरं खोटं कधी बोलतात ते मला कळतं. मार चुकवायला बोलतात, नाहीतर समोरच्याचा चेहरा उतरू नये म्हणून बोलतात. तुझं दुसऱ्या प्रकारचं होतं हे मी जाणते. पण चार महिने, देवश्री? शिकारीपेक्षा तेच त्यांना जास्त लागलं असेल, असं मला वाटतं. त्यांना विचारलं तर सांगणार नाहीत.

तू परीक्षा दे किंवा देऊ नकोस, मी त्यात पडत नाही. एवढंच कर. ज्या दिवशी तू बंदुकीचा घोडा ओढशील त्या दिवशी काय झालं ते जसंच्या तसं घरी लिही. गोड करून लिहू नकोस. ते उत्तर देवोत न देवोत, वाचतील. पोस्टमन आला की ते माझ्याआधी फाटकाशी जातात, हे मी तुला सांगितलं असं मात्र लिहू नकोस.

जीव लावून आहे. तू तिथं स्वतःला जप.

आई

*

बॉन, ५ जून २००५

ती. नाना आणि सौ. आई,
दोघांना सा. न.

आई, तू म्हणालीस जसंच्या तसं लिही. तसंच लिहिते. आधी एवढं सांगून टाकते की सगळं निभावलं, म्हणजे वाचताना श्वास रोखून धरू नका.

परीक्षा मेच्या मध्याला झाली. पास झाले. परवाना सत्तावीस तारखेला हातात आला. त्यानंतर आठव्या दिवशी, म्हणजे कालच्या शनिवारी, मी कुंपणांच्या कामासाठी गावात मुक्कामाला होते. पहाटे साडेपाचला पोलिसांचा आजोबांना फोन आला. खालच्या रस्त्यावर एका गाडीची हरणाला धडक बसली होती. गाडीवाला थांबला होता, त्यानंच कळवलं होतं. अशा वेळी शिकाऱ्यानं जायचं असतं, हा नियमच आहे. आजोबांनी त्यांची आस्टा कुत्री घेतली आणि मला हाक मारली. बंदूक त्यांनी माझ्या हातात दिली. उतारावर माझे पाय टिकणार नाहीत, एवढंच म्हणाले.

रस्त्याखाली झुडपात मादी होती. मागचे दोन्ही पाय गेले होते, पुढच्या पायांवर उठायला बघत होती. आस्टा भुंकली नाही, नुसती उभी राहिली. मी वर्गात शिकवल्याप्रमाणे बाजूला गेले, पाठीमागे माती आहे ना ते पाहिलं, आणि गोळी झाडली. एकच. ती लगेच शांत झाली. मला काय वाटलं? आधी काहीच नाही. मग बंदूक रिकामी केली आणि आजोबांना हाक मारली, ते झुडपं धरत हळूहळू उतरून आले. मला रडू आलं नाही. सुटका झाली असं वाटलं, तिची, आणि थोडी माझीही. आई, यात गोड काही घातलेलं नाही.

पण खरी गोष्ट त्यानंतर सुरू झाली. आजोबांनी तिची कास पाहिली. चारही सड चोखलेले होते. ते म्हणाले, दोन आहेत.

पाडसं दहा-बारा दिवसांची असणार. या वयात ती पळत नाहीत. आई चरायला जाते तेव्हा उंच गवतात अंग चोरून पडून राहतात आणि काहीही आलं तरी हलत नाहीत. कोल्ह्यापासून ती युक्ती वाचवते. गवत कापायच्या यंत्रापासून वाचवत नाही. रस्त्याच्या वरचं बारा एकर गवत क्लिंकहामर नावाच्या शेतकऱ्याचं, आणि दुपारी पाऊस सांगितला होता म्हणून तो दहाला कापणी सुरू करणार होता.

आजोबा म्हणाले, पूर्वी अशा वेळी अकरा शिकारी आणि त्यांची कुत्री रांगेत उभी राहायची. त्यांनी उरलेल्या दोघांना फोन लावले. एक दवाखान्यात, दुसरा मुलाकडे स्टुटगार्टला. मग मी घरोघर गेले. नाना, तुम्ही माझं जर्मन ऐकायला हवं होतं. मला एकही व्याकरणशुद्ध वाक्य सुचेना. पाडसं, गवत, दहा वाजता, एवढंच मी दारोदार सांगत होते. गावातल्या स्वयंसेवी अग्निशामक दलाचे नऊ जण आले. औषधाच्या दुकानातली बाई पांढरा कोट काढून आली. निवृत्त मास्तर आले. वर्गातल्या दोघांना मी बॉनहून बोलावलं. आम्ही हातभर अंतरावर रांग धरली आणि काठीनं गवत बाजूला करत चढायला लागलो.

पावणेनऊला पहिलं सापडलं, औषधवाल्या बाईच्या अगदी पायाशी. तिनं ते उचलायला हात घातला तेव्हा आजोबांनी तिला थांबवलं. माणसाचा वास लागू नये म्हणून दोन्ही हातांत गवताचे पुंजके धरून उचलायचं असतं. आणि ते शिकाऱ्याच्या परवानगीशिवाय उचललं तर ती चोरीची शिकार ठरते, हेही त्यांनी तिला ऐकवलं. नाना, हे ऐकताना मला तुमची आठवण झाली.

दुसरं मात्र मिळेना. एकदा आडवी रांग झाली, एकदा उभी झाली. दहा वाजले. क्लिंकहामर ट्रॅक्टर घेऊन आला आणि बांधाशी थांबला. उन्हाळ्याचं पहिलं गवत म्हणजे त्याच्या गायींचा अख्खा हिवाळा. त्याला कोणी काही म्हणू शकलं नसतं. आजोबा त्याच्याजवळ गेले, टोपी हातात घेऊन काहीतरी बोलले. त्यानं इंजिन बंद केलं. साडेदहाला पश्चिमेकडून ढग वर आले. सगळे आकाशाकडे बघायला लागले, मीही. अकराच्या सुमाराला तो ट्रॅक्टरवरून उतरला आणि रांगेच्या टोकाला येऊन उभा राहिला. जिथून तो कापायला सुरुवात करणार होता तो बांधाकडचा पट्टा आम्ही सगळ्यांत घाईनं बघितला होता. तिथंच, अकरा वाजून वीस मिनिटांनी, तो थांबला. हाक मारली नाही. नुसता हात वर केला.

गवताच्या दोन पुंजक्यांत त्यानं ते धरलं होतं. पाठीवरचे पांढरे ठिपके मोजता येत होते. तो साठीचा माणूस माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, “हे जिवंत आहे.” जणू मला ते दिसत नव्हतं. मग मात्र मला रडू आलं, आणि मी एकटी नव्हते.

दोन्ही पाडसं गावातल्या शेळ्या पाळणाऱ्या बाईंकडे आहेत. दूध घेताहेत. पाऊस दोनला आला. अर्धं गवत भिजलं, त्याचा तो मुरघास, म्हणजे मुरवलेला ओला चारा, करणार आहे. आज सकाळी मी विचारायला गेले तर म्हणाला, गायी तक्रार करणार नाहीत.

नाना, मी खोटं बोलले होते, त्याबद्दल तुम्ही मला जे म्हणायचं ते म्हणा. पण डोळ्याचं ऑपरेशन करून घ्या.

तुमच्या शब्दांची वाट बघणारी,
देवश्री

*

परतवाडा, २८ जून २००५

चि. देवश्रीस,
नानाचे आशीर्वाद, उशिरा दिलेले पण पुरे.

अक्षर मोठं दिसेल. वीस तारखेला डावा डोळा झाला. उत्तम झाला. समोरच्या लिंबाची पानं मला आता एकेक दिसतात. इतके महिने हिरवा ढीग बघत होतो आणि ते झाड आहे असं समजून चाललो होतो.

तुझं पत्र आलं तेव्हा डोळ्यावर पट्टी होती. तुझ्या आईनं वाचून दाखवलं. पहिलं पाडस सापडलं तिथं ती पाणी प्यायला उठली. मी तिच्यावर ओरडलो. पाच महिन्यांत मी एवढा मोठा आवाज काढला नव्हता. दुसरं सापडलं तेव्हा ती चष्मा पुसत बसली आणि मी पट्टीखाली डोळा ओला करून घेतला, जे डॉक्टरांनी सक्त मना केलं होतं.

आता माझं ऐक. तुला मी एक गोष्ट कधी सांगितली नाही. तू चार महिने लपवलंस, मी एकोणीस वर्षं. मोतीनं त्या पाणवठ्यावर जायच्या आदल्या दिवशी माझ्याकडे जोडीला माणूस मागितला होता. माझ्याकडे त्या सगळ्या जंगलाला सहा जण होते. मी म्हटलं, माणूस नाही, एकटाच जा, आणि स्वतः अमरावतीला बैठकीला गेलो. तो काठी घेऊन गेला. मला बंदुकीचा राग होताच, पण तुझ्या पत्रानं जे उपसून काढलं ते हे होतं. तुमच्याकडे बंदूकवाले कमी पडतात, आमच्याकडे बिनबंदुकीचे कमी पडले. जंगल मोठं आणि माणसं थोडी, एवढं दोन्हीकडे सारखंच. हे मला आधी दिसायला हवं होतं.

पट्टी निघाल्यावर मी मोतीच्या घरी गेलो. त्याची बायको फुलवंती आता थकली आहे, मुलगा खात्यात लागला आहे. तिला मी दोन्ही गोष्टी सांगितल्या. आधी तुझी, पण ती दुसऱ्या पाडसाशी अर्धीच सोडून मग माझी. जोडीदार मागितल्याचं तिला ठाऊक होतं. मोतीनं घरी सांगितलं होतं. ती म्हणाली, तुम्ही कधी कबूल होता ते मी बघत होते. मग ती चुलीतली लाकडं सारू लागली. मला वाटलं उठून जावं. तेव्हा तिनं विचारलं, पोरीला दुसरं सापडलं का? सापडलं म्हटल्यावर म्हणाली, “माझ्या माणसाला मारलं ते जीप घेऊन पळाले. तुमची पोर तिथंच थांबली, सापडेपर्यंत. ते आणि ही एक नाही, साहेब.”

मी घरी चालत आलो. गुडघा दुखला नाही. दुखला असेल, मला कळलं नाही.

तुला मी परवानगी देत नाही, कारण तू मागितली नव्हतीस, आणि ते बरोबर केलंस. मला काही प्रश्न आहेत तेवढे कळव. त्या मादीचा पंचनामा कोणी केला? गोळीची नोंद कुठे होते? क्लिंकहामरच्या शेताला जंगलाची हद्द लागून आहे की मधे रस्ता आहे? बाकावरची मंडळी विचारतात. त्यांना मी सगळं वाचून दाखवलं. दोघांना अजून पटलेलं नाही, तेही लिहितो, म्हणजे हिशेब खरा राहील.

राग संपला आहे. बाकी सगळं पूर्वीसारखंच तुझं आहे.

नाना

*

बॉन, १३ नोव्हेंबर २००५

ती. नाना आणि सौ. आई,
सा. न. दिवाळीचा फराळ मिळाला. चकल्या अखंड आल्या, पोस्टाला हे कळवावं.

तीन बातम्या आहेत. पहिली, गावच्या जमीनवाल्यांची बैठक झाली. करारासाठी एका बाहेरच्या माणसाचा अर्ज होता. त्याला मोठ्या शिंगांचे नर हवे होते, रोपांचं त्याला काही नव्हतं. वीस वर्षं बैठकीत तोंड न उघडणारा क्लिंकहामर उभा राहिला आणि म्हणाला की जून महिन्यात सकाळी सहाला जो गवतात उभा राहू शकतो त्यालाच शिकार द्यावी. हात वर झाले. करार लोरशाइड आजोबांच्याच नावे पुढे वाढला, आणि गेल्या वर्षी त्रेसष्टचा होता तो शिकारी त्यात भागीदार झाला आहे. आजोबा सभेत एवढंच म्हणाले, “गेनाऊ,” म्हणजे अगदी बरोबर. बाहेर आल्यावर बराच वेळ नाक शिंकरत होते.

दुसरी, यंदाच्या परवान्याच्या वर्गात गावातली चौघं आहेत. अग्निशामक दलाचे तीन आणि औषधवाल्या बाई. तक्त्यातली एकतीस हरणं झाली. बेचाळीस होणार नाहीत, पण विचारणा करणारं पत्र यंदा सौम्य असेल, असं आजोबांना वाटतं. पाडसं मोठी झाली. शेळ्यांच्या कुरणाचं फाटक आता उघडं असतं. त्यातलं एक जण दोनदा जाऊन परत आलं, दुसरं गेलं ते गेलं.

तिसरी बातमी माझी. मागच्या रविवारी दुपारी मी मचाणावर होते. यंदाचं अशक्त पिल्लू, तक्त्यात बसणारं, एकटं. वारा माझ्या तोंडावर होता, पाठीमागे उतार होता. यावेळी ते जखमी नव्हतं आणि माझ्यासाठी कोणी कारण तयार ठेवलं नव्हतं. मी गोळी झाडली. ते जागेवरच पडलं. मग बराच वेळ मी वरच बसून राहिले. आनंद झाला नाही. पश्चात्तापही झाला नाही. आपण करतो ते नीट केलं, एवढंच वाटलं आणि दमल्यासारखं झालं. खाली उतरून नोंद भरली. तारीख, वेळ, जागा, वजन, माझी सही. नाना, तुमच्या पंचनाम्याच्या प्रश्नाचं उत्तर हेच, नोंद शिकारीच जागेवर करतो आणि ती जिल्ह्याला जाते. मटण मी खाल्लं नाही, शेजारच्या आजींनी नेलं. आई, हे तुला कळावं म्हणून लिहिलं, तू विचारणार होतीसच.

आता कामाचं. पुढच्या मे-जूनमध्ये पहिल्या कापणीआधी रांगेला माणसं लागतील. क्लिंकहामरनं वहीत नावांची यादी सुरू केली आहे. मी तुम्हा दोघांची नावं घातली. व्हिसाची कागदपत्रं वेगळ्या लिफाफ्यात पाठवते. नाना, त्यानं तुमच्या नावापुढे वय विचारलं. मी तिथं फक्त ‘निवृत्त वनक्षेत्रपाल’ असं लिहिलं. त्यानं ते वाचायचा दोनदा प्रयत्न केला, मग अर्थ विचारला, आणि तुमचं नाव रांगेच्या मधोमध नेऊन ठेवलं. बूट इथं घेऊ, मापं तेवढी कळवा.

वाट बघते आहे, नेहमीसारखी नाही, आणखी थोडी.

तुमची,
देवश्री